हापूसच्या जाहिरातींचं बजेट स्क्रिप्टवर टाकलं त्याच्या नोंदी (फेब्रुवारी ते मे २०२५)

१७ फेब्रुवारी, सोमवार

आधी काम काय आहे ते लिहून ठेवते, नाहीतर एप्रिलमध्ये मलाच आठवणार नाही हे सगळं कशासाठी चाललंय. देवगडजवळचे एक बागायतदार आहेत, आम्ही दादा म्हणतो, थेट पुणे मुंबई नाशिकला घरपोच पेट्या पाठवतात. वेबसाईट आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, गूगल अ‍ॅड्स मी बघते. आतापर्यंत बजेट आणि बोली (एका क्लिकला किती मोजायची तयारी ते) दोन्ही हातानेच वरखाली करायचं चालायचं, म्हणजे सकाळी दादांचा फोन, मग मी लॉगिन, मग दुपारी परत फोन.

बाकीच्या क्लायंटचा माल गोडाऊनमध्ये पडून असतो, जाहिरात चालू ठेवली तरी फार बिघडत नाही. आंब्याचं तसं नाही ना. आज तोड झाली तर पेट्या आहेत, उद्या नाहीत, आणि आढीतला माल तयार झाला की तो गेलाच पाहिजे. त्यामुळे बोली किती लावायची यापेक्षा मला तरी वाटतं मुख्य भानगड ही की जाहिरात थांबायची कधी हे कुणाला कळलं पाहिजे, आणि तो कुणीतरी म्हणजे मी नको, स्क्रिप्ट हवी.

गूगल अ‍ॅड्सच्या आतच स्क्रिप्ट्स, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम आहेत, जावास्क्रिप्टमध्ये लिहायच्या, जास्तीत जास्त तासाला एकदा चालतात, गूगल शीट वाचता येतं, मेल पाठवता येतो. एपीआय (बाहेरच्या प्रोग्रामने अकाउंटशी बोलायची वाट) घ्यायचा तर डेव्हलपर टोकन, मंजुरी, सर्व्हर, एवढ्याशा कामाला ते सगळं नको. स्क्रिप्टच.

१९ फेब्रुवारी

पैशाचं गणित. दादांनी सीझनला दीड लाख सांगितले, त्याच्या वर एक रुपया नाही. आता आपलं अकाउंट प्रीपेड आहे, आधी पैसे भरायचे मग खर्च, आणि भरतानाच १८ टक्के जीएसटी कापला जातो. १०,००० भरले की अकाउंटला ८,४७४.५८ दिसतात. म्हणजे दीड लाखाचे खरे जाहिरातीला १,२७,११८. दुसरीकडे हा जीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळतो म्हणून कुणी मोजत नाही, पण ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही आणि करमुक्त मालावर इनपुट क्रेडिटही नाही, त्यामुळे हे १८ टक्के सरळ दादांच्या खिशातून जातात. स्क्रिप्टमध्ये सगळे आकडे जीएसटी वजा करूनच घ्यायचे ठरलं.

१ मार्च ते २५ मे धरले तर ८६ दिवस, रोजचे सरासरी १,४७८. पण सरासरी काय कामाची, पहिल्या आठवड्यात माल नावालाच असतो.

मग पेटीमागे किती परवडतं ते काढलं. पाच डझनी पेटी, विक्रीतून बाग, तोड, खोका, पेंढा, टेम्पो, घरपोच देणाऱ्या पोराचे पैसे आणि खराब निघाला तर बदलून द्यायचा आंबा हे सगळं वजा केल्यावर दादा म्हणाले अक्षय्य तृतीयेपर्यंत पेटीमागे ३०० रुपये जाहिरातीला जाऊ देत, नंतर भाव पडतो तेव्हा १८०. जीएसटी काढून २५४ आणि १५२. क्लिक १४ रुपयांना पडला तर अठराव्या क्लिकपर्यंत ऑर्डर आली पाहिजे.

नियम असा:
आजचं बजेट = (आज वेबसाईटला दिलेल्या पेट्या × २५४) किंवा (उरलेले पैसे ÷ उरलेले दिवस × त्या आठवड्याचं वजन, म्हणजे माल जास्त त्या आठवड्याला जास्त वाटा), दोन्हीत जे कमी ते.

आज १२ पेट्या असतील तर ३,०४८ च्या वर जायचंच नाही, गूगल शिफारशींच्या पानावर कितीही बजेट वाढवा म्हणून सांगत असलं तरी.

२० फेब्रुवारी

प्रीव्ह्यूमध्ये पहिल्यांदा चालवली. प्रीव्ह्यू ही फार सोयीची गोष्ट आहे, काय काय बदललं असतं ते दाखवतं पण बदलत काही नाही. घड्याळात सकाळचे अकरा आणि लॉगमध्ये रात्रीचे साडेनऊ, तेही कालच्या तारखेचे. अकाउंटचा टाइमझोन भारताचाच आहे, पण स्क्रिप्टमधला डेट ऑब्जेक्ट (तारीख आणि वेळ देणारा भाग) अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने चालतो. हे असं राहिलं असतं तर १ तारखेला दुपारपर्यंत स्क्रिप्ट मागच्याच महिन्यात बसली असती. आता तारीख आणि तास दोन्ही अकाउंटचा टाइमझोन विचारून फॉरमॅट करून घेते, कुठेही साडेतेरा तास मिळवा असलं काही लिहिलेलं नाही.

अजून एक, खर्च मायक्रोमध्ये येतो, १ रुपया म्हणजे १० लाख मायक्रो, आणि बजेट सेट करताना मात्र रुपयेच द्यायचे. भागाकार एकाच फंक्शनमध्ये ठेवला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

शीट तयार. दादांनी रोज सकाळी फक्त एकच आकडा भरायचा, आज वेबसाईटला किती पेट्या. शीट उघडून कॉलम शोधणं त्यांना जमणार नाही हे माहीत होतं म्हणून गूगल फॉर्म केला, एक प्रश्न, एक बटण, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पिन.

आणि पहिल्याच टेस्टला मजा झाली. दादांचा कीबोर्ड मराठी, त्यांनी मराठी आकड्यांत ४० लिहिलं. जावास्क्रिप्टला इंग्रजी आकडेच आकडे वाटतात, मराठी ४० म्हणजे त्याच्या लेखी ‘हा आकडाच नाही’, नॅन. नॅनचा घोळ असा की तो कशापेक्षाही लहान का, मोठा का विचारलं तरी उत्तर ‘नाही’ येतं, म्हणजे ‘पेट्या ५ पेक्षा कमी आहेत का’ विचारलं तर नाही, आणि माल संपला तरी जाहिरात सुरूच. उलट रिकामा सेल आला तर त्याचा मुकाट्याने शून्य होतो आणि सगळं बंद पडतं. दोन्ही वाईटच, पण पहिलं महागडं.

उपाय सोपा आहे, युनिकोडमध्ये मराठी शून्याचा नंबर २४०६, तिथून पुढे ओळीने नऊपर्यंत, तेवढा वजा केला की झालं. शिवाय रिकामा सेल, ‘चाळीस’ असं अक्षरी, ‘४०-४५’ असं काहीही आलं तर स्क्रिप्टने अंदाज करायचा नाही, कालचाच आकडा निम्मा करून वापरायचा आणि मला मेल टाकायचा. दादांना मराठी आकडे लिहू नका असं सांगणं बरोबर वाटलं नाही, सांगूनही कोण ऐकतंय.

३ मार्च

चालू केली, फक्त वाचायला आणि मेल करायला, अजून हात लावू देत नाही. काल रविवारी बजेट १,४७८ होतं आणि खर्च २,३१०. अकाउंट हॅक वगैरे झालेलं नाही, गूगल एका दिवसात रोजच्या बजेटच्या दुप्पटीपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याला मात्र ३०.४ पट ही मर्यादा. बहुतेक लोकांना हे ठीकच आहे, महिन्याअखेर जुळतं.

पण आपण रोज बजेट बदलणार आहोत, आणि बजेट बदललं की महिन्याची मर्यादा पुन्हा नव्याने मोजली जाते, उरलेल्या दिवसांसाठी नवीन आकड्याने. म्हणजे रोज बदलणाऱ्याला ते महिन्याचं कवच नीट मिळतच नाही. त्यामुळे थांबवायचं काम आपलंच. दर तासाला आजचा खर्च बघायचा, ठरवलेल्याच्या ८५ टक्क्यांवर गेला की ‘हापूस’ लेबलच्या कॅम्पेन (जाहिरातींचे गट) पॉज. शंभर टक्क्यांवर का नाही, तर रिपोर्टमधला खर्च तीनेक तास मागे असू शकतो, शंभर दिसेपर्यंत सव्वाशे झालेले असतात.

४ मार्च

पुणे आणि मुंबई एकाच शेअर्ड बजेटवर होत्या. स्क्रिप्ट दोन कॅम्पेन बघते, तिने तेच बजेट दोनदा बदललं असतं. वेगळी केली.

१० मार्च

काल अमेरिकेत घड्याळं तासाने पुढे गेली. आपल्या स्क्रिप्टला काही झालं नाही. ओळखीतल्या एकाच्या स्क्रिप्टमध्ये साडेतेरा तास हाताने मिळवलेले होते, त्याच्या जाहिराती आज तासभर आधीच सुरू झाल्या. त्याला कोड पाठवला.

आजपासून स्क्रिप्टला बजेट बदलायची परवानगी. एका वेळी वर २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, खाली मात्र हवं तेवढं. आणि कोडमध्ये एक पक्का आकडा, ५,०००, शीटमध्ये काहीही आलं तरी त्याच्या वर नाही.

१८ मार्च

आता बोलीकडे. तासातासाला बोली बदलायचा कोड मी उत्साहाने लिहिला होता, सकाळी कमी, रात्री नऊ ते अकरा जास्त, कारण जेवणं आटपून लोक तेव्हा बघतात. अ‍ॅड शेड्यूलमध्ये दिवसाला सहाच स्लॉट मिळतात म्हणून ते चोवीस तासांचं गणित स्क्रिप्टमध्ये आणलं. चालतंय, पण डेटा इतका थोडा आहे की मंगळवारी दुपारी चार वाजता एक ऑर्डर आली की स्क्रिप्टला वाटतं मंगळवार दुपार म्हणजे सोनं. असल्या आकड्यांवर बोली हलवणं म्हणजे उगाच.

दुसरं, ऑर्डर क्लिकच्या तारखेला जमा होते. आंब्याचं गिऱ्हाईक आज भाव विचारतं, दोन दिवस घरात चर्चा, मग ऑर्डर. त्यामुळे शेवटचे दोनतीन दिवस कायम वाईटच दिसतात आणि ‘गेल्या ७ दिवसांचा’ नियम असेल तर बोली रोज थोडी थोडी खाली घसरते. शेवटचे ३ दिवस सोडून त्याआधीचे १४ धरले. पेट्यांच्या हिशेबाला मात्र ज्या दिवशी ऑर्डर आली तोच दिवस धरायचा, तो कॉलम वेगळा आहे.

२२ मार्च

सर्च टर्म्स (लोकांनी शोधलेले शब्द) साफ केल्या. हापूस कलम किंमत, आमरस रेसिपी, वाशी मार्केट आजचा भाव, हापूस पल्प डबा, असलं सगळं निगेटिव्हमध्ये, म्हणजे या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही. एकाने ‘हापूस ओळखायचा कसा’ शोधून क्लिक केला होता, त्याला जाहिरात नाही, एक पान लिहून दिलं पाहिजे खरं तर.

२९ मार्च

उद्या गुढीपाडवा. दादांचा फोन, “आज पेटी नाय गो, सगळी जुन्या गिऱ्हायकांची गेली, बंद कर ती जाहिरात.” मी उघडून बघितलं तर बंदच होती, सकाळी फॉर्ममध्ये त्यांनीच ० टाकलं होतं. हे सांगितलं तर हसले. दादांचा भाचा इन्स्टावर रील बूस्ट करतो तो खर्च माझ्या हिशेबात कुठेच नाही, पण त्या रीलवरून गेलेल्या पेट्याही स्टॉकमधूनच कमी होतात आणि माझं बजेट आपोआप उतरतं. हे मी मुद्दाम केलेलं नव्हतं, पण फार कामाचं निघालं.

२ एप्रिल

एन्हान्स्ड सीपीसी (आपली बोली गूगल थोडी वरखाली करायचं ती पद्धत) या आठवड्यात सर्च आणि डिस्प्लेमधून गेलं, जे त्यावर होते ते आपोआप मॅन्युअलवर येणार. आपलं पुणे त्यावरच होतं. आता ठरवायलाच लागणार.

पुण्याला टार्गेट सीपीए, म्हणजे एका ऑर्डरमागे किती खर्च चालेल ते सांगायचं आणि बोली गूगलने लावायची, २५४ वर. महिन्याला तीसेक कन्व्हर्जन (क्लिकनंतर घडलेली, मोजायला सांगितलेली गोष्ट, इथे ऑर्डर) तरी हवीत म्हणतात, पुण्याला तेवढी आहेत. नाशिकला नाहीत, ते मॅन्युअल राहू दे, मुंबई दोन आठवडे बघू. अशा स्मार्ट बिडिंगवर गेलं की आपले तासाचे आणि जागेचे बोलीचे टक्के धरलेच जात नाहीत, एखादं डिव्हाइस मात्र पूर्ण बंद करता येतं. म्हणजे पुण्यापुरता माझा चोवीस तासांचा कोड गेला कचऱ्यात. वाईट वाटलं असं नाही म्हणणार, बोली गूगलला माझ्यापेक्षा जास्त कळते, कोण शोधतंय, कुठल्या फोनवरून, आधी काय बघितलं, ते सगळं त्याच्याकडे आहे. आज बागेत किती पेट्या आहेत हे त्याच्याकडे नाही. मग जे त्याला माहीत नाही तेवढंच आपण धरायचं.

९ एप्रिल

पुण्याची कन्व्हर्जन एकदम वाढली आणि ऑर्डरी तेवढ्याच. बघितलं तर वेबसाईटवरचं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं की तेही कन्व्हर्जन धरलं जातंय. गूगलने बरोबरच केलं, त्याला सांगितलं होतं कन्व्हर्जन आण, त्याने बटण दाबणारी माणसं आणली. ती बिचारी ‘भाव काय’ विचारतात आणि गायब.

व्हॉट्सअ‍ॅप क्लिक सेकंडरी केला, म्हणजे दिसेल पण त्यावरून बोली ठरणार नाही. आता खरी ऑर्डर परत गूगलला सांगायची कशी? जाहिरातीवरून आलेल्या माणसाच्या लिंकमध्ये जीक्लिड नावाचा लांबलचक कोड असतो. तो साईटवर पकडून शीटमध्ये ठेवला, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा जो तयार मेसेज उघडतो त्यात छोटा नंबर घातला, ‘नमस्कार, पेटी हवी आहे, कोड ह-४१७’. दादांच्या घरून ऑर्डर पक्की झाली की वहिनी तो ह-४१७ फॉर्ममध्ये टाकतात, शीट जोडते, आणि गूगल अ‍ॅड्स रोज त्या शीटमधून ऑफलाईन कन्व्हर्जन उचलतं. क्लिकपासून ९० दिवसांच्या आत हवं, आपला अख्खा सीझनच तेवढा.

बरेच जण मेसेज पाठवायच्या आधी कोड खोडतात, कसला कोड म्हणून घाबरत असतील. चालेल. निम्मे आले तरी खरे आहेत.

१३ एप्रिल

वहिनींनी विचारलं ‘ह’ लिहायलाच हवा का. नको, काढला.

१६ एप्रिल

रात्री ११ ते ६ पॉज असायचं. सहज रात्रीचे जुने रिपोर्ट बघितले तर फेब्रुवारीच्या टेस्टमध्ये रात्री दोन वाजता अमेरिकेतून क्लिक होते, आणि त्यातल्या काहींनी पुण्याच्या पत्त्यावर पेटी बुक केलेली. आईवडिलांना पाठवणारी मुलं! लोकेशन सेटिंगमध्ये गूगलचा डिफॉल्ट ‘तिथे असलेले किंवा तिथे रस असलेले’ असा असतो, मी तो मार्चमध्ये ‘तिथे असलेले’ एवढाच केला, वायफळ क्लिक येतात म्हणून सगळे तेच सांगतात, आणि बरोबरही आहे. पण या लोकांना वेगळी वाट हवी.

वेगळी कॅम्पेन केली, अमेरिका आणि दुबई, ‘पुण्यात आंबा पेटी पाठवा’ छापाचे कीवर्ड, आणि तिला रात्रीचा पॉज नाही. फक्त स्टॉकचा नियम. क्लिक महाग आहे पण हे लोक घासाघीस करत नाहीत आणि एकदम दोन पेट्या घेतात, एक आईकडे एक सासरी.

२४ एप्रिल

अक्षय्य तृतीया ३० ला. सगळे विक्रेते बोली चढवतायत, पुण्याचा क्लिक १४ वरून २६ वर. दादांना टेन्शन. पण लोकही घ्यायच्या तयारीत आहेत, नवव्या क्लिकला ऑर्डर येतेय, म्हणजे पेटीमागे २३४, अजून २५४ च्या आतच.

सीझनॅलिटी अ‍ॅडजस्टमेंट नावाचं एक हत्यार आहे, पुढचे थोडे दिवस कन्व्हर्जन रेट अमुक टक्क्यांनी वाढणार असं आधीच सांगून ठेवायचं, मग गूगल तेवढी बोली चढवतं. साड्यांच्या किंवा मोबाईलच्या दुकानाला मी लगेच लावलं असतं. इथे रोजच्या २० पेट्या आहेत, त्या दुपारी दोनला संपण्याऐवजी सकाळी अकराला संपतील आणि जास्त पैसे देऊन संपतील, मिळालं काय? नाही लावलं. उलट टार्गेट २५४ चं २३० केलं. माल ठरलेला आणि मागणी वाढतेय तर बोली खाली आणायची, दादांना हे पटवायला अर्धा तास गेला, कारण सणाला जाहिरात कमी करा असं त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

२९ एप्रिल

पेट्या दुपारी सव्वातीनला संपल्या, चारच्या रनला कॅम्पेन बंद. मधल्या पाऊण तासात तीन ऑर्डरी जास्त आल्या, त्यांना १ तारखेची डिलिव्हरी दिली. स्क्रिप्ट तासाला एकदाच चालते आणि तासाच्या नेमक्या कितव्या मिनिटाला ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे ही फट राहणारच. राखीव, म्हणजे एवढ्या उरल्या की जाहिरात थांबते, त्या ५ वरून ८ पेट्या केल्या, सणाच्या आठवड्यापुरत्या.

८ मे

भाव उतरला, टार्गेट १५२ वर. क्लिक १६ चा, म्हणजे नऊ क्लिकमध्ये ऑर्डर हवी आणि येतेय पंधराव्याला. पुण्याचं काम गूगलनेच कमी केलंय, टार्गेटमध्ये बसत नाही म्हणून बोलीच लावत नाही, बजेट पडून. नाशिक मी बंद केलं. दादा म्हणाले माल तर आता जास्त आहे. हो, पण तो जाहिरातीने विकण्यात पैसे राहत नाहीत, मार्चमध्ये ज्यांनी घेतली त्यांना वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट टाकावा, त्याला शून्य खर्च. टाकला, त्या दिवसाचा माल उचलला गेला.

२१ मे

देवगडला कालपासून धो धो. तोड थांबली. फॉर्म भरलाच नाही कुणी, स्क्रिप्टने कालच्या आकड्याच्या निम्मे धरले आणि मला मेल. बरोबर वागली, पण अशा पावसात कालचे निम्मेही नसतात. आजपुरतं हाताने शून्य टाकलं. पुढच्या वर्षी १५ मेनंतर फॉर्म रिकामा तर थेट बंद, हा बदल आत्ताच कोडमध्ये घालून टाकला.

२७ मे

मान्सून रविवारी २५ ला तळकोकणात आला, काल मुंबईतही. सीझन संपला. कॅम्पेन पॉज तर आहेतच पण स्क्रिप्टचं शेड्यूलही काढलं, नाहीतर तिचा सकाळी सहाला ‘उघड’ असा नियम आहे आणि कुणी चुकून फॉर्ममध्ये आकडा टाकला तर ऐन जूनमध्ये हापूसच्या जाहिराती.

दीड लाखातले साधारण एकवीस हजार वाचले, त्यातले काही अकाउंटला शिल्लक. दादा विचारतायत त्यात कोकम सरबताची जाहिरात टाकूया काय. टाकता येईल, पण सरबताची बाटली वर्षभर टिकते, तिथे ‘आज किती’ हा आकडा काही सांगत नाही, आणि एका बाटलीच्या नफ्यात पाच क्लिकही बसत नाहीत. सहा बाटल्यांचा खोका केला तर बसेल कदाचित. खोक्याचा कुरिअर खर्च किती येतो ते वहिनी काढून कळवणार आहेत.